जाळ्याचा वाटा

दोराचं पल्याडचं टोक झाडाला बांधावं आन् आपलं टोक धरून एकटीनं गोल फिरावं, की झालं जाळं वढून. ही अक्कल मला सोपानरावनं शिकवली. सोपानराव आमच्या तळवड्यातला मळेवाला. उभ्या जन्मात त्याच्या पायाला नदीचा गाळ लागला न्हाई, पन काठावर बसून शिकवायला पुढं. उंटावरनं शेळ्या हाकायला काय लागतं? मी म्हनले, बाबा, झाडाला दोर बांधता येतो, पन झाड चालतं का? झाड हिसका देतं का? त्यो हसला. म्हातारी गंमत करती असं वाटलं त्याला. मी गंमत करत नव्हते.

मी अंबू. हिंदुराव भोयाची थोरली बायकू. थोरली म्हनलं की धाकटी आलीच, तिचंबी सांगते. पन आधी डोहाचं सांगते, न्हाई तर तुमाला काय कळायचं न्हाई.

आमच्या तळवड्याखाली इंद्रायनीला कपारीचा डोह हाय. चैत सरता सरता नदी तुटती, धार आटती, आन् सगळी मासळी जीव घेऊन डोहात येऊन बसती. आखितीच्या, म्हंजे अक्षयतृतीयेच्या, दिवशी भोयाच्या घरानं डोहात जाळं टाकायचं, मंग मिरगापत्तुर डोह भोयाचा, असा गावचा रिवाज. ज्या साली आखितीला जाळं पडनार न्हाई, त्या सालापास्नं डोह गावाचा, गाव देईल त्याला. ते जाळं लई मोठं. वर पांगाऱ्याच्या लाकडाचे तुकडे तरंगत्यात, खाली शिशाच्या गोळ्या. दोन्ही टोकांना दोर. एक मानूस ह्या थडीनं चालतं, एक त्या थडीनं, आन् जाळं मदून डोह झाडत जातं. खाली उतार, म्हंजे पायी वलांडायची उथळ जागा, लागला की पल्याडच्यानं पान्यातनं ह्या काठाला यायचं, मंग जाळ्याचं तोंड मिटतं.

मदी लव्हाळी, मोठमोठं खडक. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत न्हाई. आन् जाळं पान्यात असस्तवर काठावर बोलायचं न्हाई, मासळी तळाला जाती. मंग बोलायचं कसं? दोरानं. एक हिसका दिला की चल. दोन दिले की थांब, जाळं अडकलंय. लांब वढ दिली की आता घे बाहेर. आमच्या मालकांनी मला लगीन झाल्या साली शिकवलं ते एवढंच. बाकी शिकवायला त्यांना तोंड कुठं व्हतं? मुलखाचा घुमा मानूस.

मला मूल झालं न्हाई. लई देव केले. मंग एक दिवस मालक पल्याडच्या निघोज्याची छबी घेऊन आले. मी दारात आडवी झाले. म्हनले, आनलीस तर आन, पन माझ्या चुलीला तिचा हात लागता कामा नये, आन् ती जिथं ऱ्हाईल त्या थडीला मी मरेपत्तुर पाय ठिवनार न्हाई. इंद्रायनीचं पानी हातात घेऊन शपथ वाहिली. मालकांनी काय केलं? पल्याडच्या थडीला, माझ्या दारासमोर, तिला खोपी बांधून दिली. पावसाळ्यात नाव चालवायचं त्यांचं काम, तवा दोन्ही थडीला संसार म्हंजे त्यांना सोयीचंच झालं. आज हितं जेव, उद्या तिथं जेव. आन् आमी दोघी दोन काठांवर एकमेकींच्या नावानं बोटं मोडत बसायचो. म्हंजे मी मोडायची. ती काय करायची मला ठावं न्हाई.

छबीलाबी मूल झालं न्हाई. देवानं दोघींना सारखंच वाटलं. सांगायला लाज वाटती, पन तिला मूल व्हायचं न्हाई हे कळलं त्या साली मी गावात देवाला नारळ फोडला.

मालक तापानं गेले. त्येंच्या दहाव्याला गावकरी हळू आवाजात बोलत व्हते, की आता डोह गेला, बाया काय जाळं वढनार. माझ्या कानावर आलं. माझ्या मस्तकाची शीर उठली. आखितीला मी एकटी जाळं डोक्यावर घेऊन वाळूत जाऊन उभी ऱ्हायले. काय करनार व्हते ते माझं मलाच ठावं नव्हतं. गाव वर दरडीवर मजा बघाया जमलेलं. तेवढ्यात पल्याडनं छबी लुगड्याचा काचा मारून उतारातनं आली. माझ्याकडं बघितलं न्हाई. वाळूत पडलेलं दोराचं टोक उचललं आन् आली तशी माघारी गेली. मी जाळं सोडत गेले. ती लव्हाळ्याआड गेली. मंग दोराला एक हिसका आला.

मालकाचा हिसका दांडगा, हात उपटून काढायचा. छबीचा हिसका बारीक. एक हिसका आन् त्याच्या मागनं जरा थरथर. तिचं उजवं मनगट कवातरी मोडून वाकडं बसलेलं, त्याची ती थरथर. मी मनात म्हनले, जळलं मेलं, हिच्यानं काय जाळं वढतंय. पन वढलं. त्या दिवशी दोन टोपल्या मासळी निघाली, आन् गाव गप घरला गेलं.

तेव्हापास्नं दर उन्हाळ्याला तसंच. आमी बोलायचो न्हाई. जाळं पान्यात असताना बोलायचं नसतं, आन् जाळं पान्यात नसताना बोलायचं काय कारन? एक वाटा पाडायच्या वेळंला तेवढं तीन शबुद व्हायचे.

वाटा पाडायची आमची रीत अशी. मासळीचे तीन वाटे करायचे. दोन मानसांचे, एक जाळ्याचा. जाळ्याचा वाटा चाकनच्या बाजारात इकायचा आन् त्यातनं सूत आनायचं, शिसं आनायचं, फाटलंय ते शिवायचं; शेवटच्या वढीचा वाटा पुढच्या सालासाठी. वाटे थोरलीनं पाडायचे, म्हंजे मी. मंग धाकटीनं पाठ करून उभं ऱ्हायचं. मी एका वाट्यावर बोट ठिवून इचारायचं, ह्यो कुनाचा? तिनं न बघता सांगायचं, तुझा, न्हाई तर माझा, न्हाई तर जाळ्याचा. म्हंजे वाटनारीनं लबाडी करायला नको आन् घेनारीनं कुरकुर करायला नको. तुझा, माझा, जाळ्याचा. अख्ख्या सालात तिचा आवाज मी ऐकायची तो एवढाच. घोगरा आवाज व्हता.

बाकीचं साल मी तिच्या खोपीतला धूर बघायची. सकाळी धूर निघाला की समजायचं, जिती हाय भवानी. एकदा हिवाळ्यात धूर निघाला न्हाई, तर मी दिवसभर दारात. दुसऱ्या दिवशी निघाला तवा कुठं भाकरी घशाखाली गेली. ही गोष्ट मी कुनाला सांगितली न्हाई.

असं चाललेलं असताना मागल्या उन्हाळ्यात सोपानराव खबर घेऊन आला. छबीचा भाचा सयाजी पिंपरीला नव्या कारखान्यात लागला. तिथं चाळीत खोली मिळाली, बायकू पुन्यांदा पोटुशी, घरात दोन लेकरं. तवा मिरगाच्या आत त्यानं आत्याला बोलावलंय, कायमची. सोपानराव म्हनाला, अंबूबाई, सुंठीवाचून खोकला गेला बघ तुझा. मी म्हनले, गेला तर, बरं झालं, पीडा टळली. त्याला गुळाचा खडा दिला आन् वाटंला लावलं. मंग जाळं शिवाया बसले तर गाठच बसंना. एकाच भोकाला तीनदा सूत वढलं आन् तीनदा सोडलं. संतापानं माझं डोकं भनानलं व्हतं. खोपी बांधून दिली ती माझ्या उरावर, आन् आता निघाली, मला न इचारता? इचारनार कशी म्हना. आमचं बोलनं कुठं व्हतं?

डोह जाईल म्हनून मी घाबरले असं गाव समजत व्हतं. डोह गेला तर जाऊ द्या की. एकटीच्या पोटाला काय लागतं, कुनाच्याबी शेतात खुरपं धरलं तरी भागतं. मला मासळी नको व्हती. दोराच्या त्या टोकाला मानूस पायजे व्हतं. एवढ्या जगात माझ्याकडनं हिसका गेल्यावर माघारी हिसका देनारं तेवढंच एक ऱ्हायलं व्हतं.

शेवटची वढ आली. आभाळ दाटत आलेलं, उकाडा मनस्वी. छबी आली, दोर घेतला, गेली. मी एक हिसका दिला, तिचा आला, थरथर आली. चालताना मी मनाशी शबुद जुळवत व्हते. वाटे पाडताना म्हनीन, छबे, जाऊ नगंस. एवढंच. तीन शबुद तर म्हनायचेत. मंग मनात यायचं, आन् ती म्हनली की तू कोन मला सांगनारी, तर? मंग मी तोंडावर पडनार. वीस-पंचवीस वर्सं जिच्या नावानं बोटं मोडली तिच्यापुढं पदर पसरायचा? मदीच जाळं खडकाला अडकलं. मी दोन हिसके दिले. ती थांबली. मी उगंच जरा जास्त येळ थांबवून ठिवलं तिला. जाळं कवाच सुटलं व्हतं.

उताराला आलो. ती पान्यातनं ह्या काठाला आली, कमरेपत्तुर भिजलेली. जाळं वाळूत वढलं. बरी मासळी व्हती, चार मरळी, एक वाम, बाकी चिल्लर. ती पाठ करून नदीकडं तोंड करून उभी ऱ्हायली. मी वाटे पाडाया बसले. तिच्या पाठीकडं बघितलं. केस पार पांढरे झाले व्हते मागनं. तोंड उघडलं मी. आन् तेवढ्यात मला दिसलं, पल्याड खोपीच्या दारात तिचं बोचकं बांधून तयार हाय. आजच निघाली व्हती. मला एका दिवसाचीबी सवड ठिवली नव्हती.

मंग माझं डोकं फिरलं. मी दोनच वाटे पाडले. जाळ्याचा पाडलाच न्हाई, पुढचं सालच नव्हतं तर जाळं शिवायचं कुनासाठी?

मी पहिल्यावर बोट ठिवलं. म्हनले, ह्यो कुनाचा? ती म्हनली, तुझा. मी दुसऱ्यावर बोट ठिवलं, ह्यो कुनाचा? ती म्हनली, जाळ्याचा. म्हंजे तिचा तिसरा ऱ्हायला असं तिच्या मनात. मी म्हनले, जाळ्याचा वाटा न्हाई औंदा. दोनच हायेत. एवढं लांब वाक्य मी तिच्याशी उभ्या जन्मात बोलले नव्हते, आन् ते हे. मंग वळली, तिचा वाटा पदरात घेतला, तिच्या बाजूचा दोर जाळ्यापास्नं सोडून खांद्यावर टाकला आन् उतारातनं गेली. पल्याड गेल्यावर तिनं त्यो दोर पान्यात खळबळला, पिळला, गुंडाळला आन् करंजाच्या फांदीला नीट अडकवून ठिवला. मंग बोचकं डोक्यावर घेऊन वाटंला लागली. मी वाळूत बसून बघत व्हते. पार दिसंनाशी झाली तरी बसले.

पावसाळा मोठा गेला. नदी दोन्ही थड्या भरून चालली. सकाळी उठून मी दारात यायची आन् पल्याड बघायची. धूर न्हाई. ठावं असून बघायची. मानसाला खोड लागली की लागली. दिवाळीला गावानं फराळ दिला, सोपानरावच्या मालकिनीनं जुनं लुगडं दिलं. सगळे चांगलेच वागले. पन रातच्याला भाकरी मोडायची ती एकटीनं. आन् दिवसाला तोंड उघडायचं ते कोंबड्यांवर वरडाया. मला लई एकटं वाटायचं. मालक गेले तवाबी एवढं वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

आखिती आली. डोह सोडायचा न्हाई ह्या हट्टानं मी जाळं काढलं. जाळ्याच्या वाट्याचे पैसे नव्हते, तवा सूत नव्हतं, शिसं नव्हतं. जागजागी फाटलेलं. पन पहिली अडचन दोराची. छबीचा दोर पल्याड करंजावर. तिकडं पाय ठिवनार न्हाई म्हनून शपथ वाहिलेली. दोर काय आपल्या पायानं येतोय? मी इंद्रायनीला हात जोडले, म्हनले, बाई, तुझं पानी घेऊन बोलले व्हते, आता तुझ्याच पान्यातनं चालले, काय करायचं ते कर. आन् उतारातनं पल्याड गेले. नदीनं काय केलं न्हाई.

दोर जसा ठिवला तसाच. खोपीचं छप्पर पावसानं बसलेलं. आत कशाला गेले देव जाने. चूल सारवून, पुसून गेली व्हती, दुसरं कोन येऊन रांधनार असल्यावानी. मी दमले व्हते म्हनून तिच्या उंबऱ्यावर टेकले. तर समोर नदी, आन् नदीपल्याड माझं दार. सरळ समोर. माझं धुराडं, माझी तुळस, कोंबड्यांचा खुराडा, सगळं दिसत व्हतं. मी एकटीच न्हाई बघत बसले वीस-पंचवीस वर्सं. तिनंबी बघितलं असनार. तिथं बसून मी रडले. ढसाढसा रडले, ऐकाया कोन नव्हतं.

मंग सोपानरावच्या अकलेनं दोर करंजाला बांधला, माघारी आले, आन् आपलं टोक धरून चालाया लागले. सवयीनं एक हिसका दिला. पल्याडनं काय आलं न्हाई. करंजाचा पाला तेवढा हालला. निम्मा डोह तसाच ऱ्हायला, फाटक्या जाळ्यातनं निम्मी मासळी निसटली. वाळूत वढलं तवा एक मरळ आन् दोन-तीन पसे चिल्लर. सोपानराव दरडीवरनं म्हनाला, बघ, झालं का न्हाई? डोह ऱ्हायला की तुझा. मी म्हनले, व्हय, ऱ्हायला.

त्यो गेल्यावर मी वाटे पाडाया बसले. एकटीची मासळी, वाटे कशाला? पन हात ऐकंना. तीन वाटे पाडले. एकावर मरळ ठिवली. बोट ठिवून इचारलं, ह्यो कुनाचा? आवाज नदीवरनं गेला आन् तिकडंच ऱ्हायला. मी पुन्यांदा इचारलं. मंग मला माझीच शरम वाटली. येडी झालीस का अंबे, म्हनले.

मरळ लई जिवट जात. हंडीत चार बोटं पानी घालून वर ओला कपडा बांधला तर दिसभर मरत न्हाई. मी ती हंडीत घातली. हंडी डोक्यावर घेतली आन् निघाले. कुठं निघाले ते पायांना ठावं व्हतं. चिखलीच्या माळानं, ऊन डोक्यावर, वाटंत एक बैलगाडीवाला म्हनाला, म्हातारे, बस. बसले न्हाई. धक्क्यानं पानी सांडलं असतं. जिथं हीर लागंल तिथं कपडा भिजवायची. हंडीत मरळीनं शेपटी आपटली की माझ्या डोक्याला कळायचं. म्हनायची, ऱ्हा जिती, ऱ्हा.

पिंपरीला कारखान्याचं धुराडं लांबनंच दिसलं. चाळी नव्या, सगळी दारं एकसारखी, एकाबी दारात शेनाचा सडा न्हाई. आता इचारायचं कुनाला? नळावरच्या बायांनी नाक मुरडून माझ्या हंडीकडं बघितलं. सयाजी भोयाची आत्या म्हनल्यावर एकीनं बोटानं दाखवलं, ती कोपऱ्यातली खोली, ती म्हातारी कुनाशी बोलतच न्हाई म्हनली. मला ते ऐकून बरं वाटलं आन् वाईटबी वाटलं.

दार उघडं व्हतं. आत लेकरू झोळीत निजलेलं. छबी दाराकडं पाठ करून बसलेली, भांडी घाशीत. पाठ मी लगीच वळखली. वाळली व्हती. मनगट तसंच वाकडं. वाटंनं चालताना मी लई बोलनं जुळवलं व्हतं. माफ कर म्हनीन, चल म्हनीन, माझ्या चुलीवर रांध म्हनीन. उंबऱ्यापाशी आले आन् सगळं इसरले. हंडी खाली ठिवली, कपडा सोडला. पान्यात मरळ गपकन फिरली.

मी म्हनले, "ह्यो कुनाचा?"

घासनारा हात थांबला. तिनं वळून बघितलं न्हाई. रीत तशीच हाय, बघायचं नसतं. झोळीची कडी तेवढी कुरकुरत व्हती. मी दाराला धरलं. म्हनली तुझा, तर मी हंडी उचलून माघारी जायचं. म्हनली माझा, तर हंडी तिथं ठिवून माघारी जायचं.

ती तशीच पाठमोरी, घोगऱ्या आवाजात म्हनली, "जाळ्याचा."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. तिनं हात धुतले, पदरानं पुसले, तरीबी वळंना. मंग आमच्या तीन शबुदांबाहेरचा चौथा शबुद काढला तिनं. म्हनली, लई फाटलंय का?

"लई फाटलंय," मी म्हनले, "एकटीच्यानं शिवून व्हनार न्हाई."